हाताला गाठ लागली, तोंडातली जखम भरेना: पुढं काय करायचं?

माझ्या आत्याच्या डाव्या गालात आतून एक जखम झाली होती. आयुष्यभर मिसरी लावणारी बाई. घरात सगळ्यांनी "तोंड आलंय" म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या, हळद-तूप लावलं, तिखट बंद केलं. सोयाबीन निघालं, तूर निघाली, जखम तिथंच. चौथ्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, तुकडा तपासायला पाठवू. त्यावर घरात दोन तट पडले. "तुकडा काढला की ते पसरतं, छेडू नका," असं म्हणणारे वयानं मोठे होते, त्यामुळं त्यांचंच चाललं. आणखी सहा आठवडे गेले. ते सहा आठवडे मला अजून टोचतात.

त्यानंतर नात्यातल्या आणि गावातल्या बऱ्याच जणांसोबत दवाखान्याच्या पायऱ्या चढले. मी डॉक्टर नाही. पण कुठल्या दारातून आत जायचं, कोणता कागद मागायचा आणि कुठं माणसं हमखास अडकतात, एवढं आता ठाऊक झालंय. ज्यांच्या घरात ही शंका पहिल्यांदाच आली आहे त्यांच्यासाठी ते लिहून ठेवते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरणार आहे: तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे असंही मानायचं नाही आणि नाही असंही मानायचं नाही.

पायरी १: तीन आठवड्यांचा हिशेब

गाठ आली म्हणजे कॅन्सर नव्हे. स्तनातल्या बहुतेक गाठी साध्या निघतात. मानेतल्या गाठी आपल्याकडं कितीतरी वेळा टीबीच्या असतात. पण जे दुखणं तीन आठवड्यांत बरं होत नाही, ते दाखवायचं. कॅलेंडरवर खूण करा. "बघू सणानंतर", "बघू पेरणी झाल्यावर" इथंच आपली माणसं महिने घालवतात.

आणि दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाही. दुखलं असतं तर माणूस पळत गेला असता.

तोंडापासून सुरुवात करते, कारण आपल्या मराठवाड्यात तेच पहिलं बघायला हवं. महिन्यातून एकदा चूळ भरून, उजेडात आरसा घेऊन बसा. दोन्ही गाल आतून, ओठ उलटून, जीभ वर करून खाली, जिभेच्या दोन्ही कडा. पांढरा चट्टा जो पुसून जात नाही, मखमलीसारखा लाल चट्टा, न भरणारी जखम, कारण नसताना हलणारा दात. पांढऱ्यापेक्षा लाल चट्टा जास्त धोक्याचा, हे फार कमी लोकांना माहीत असतं. मग स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. सुपारी-गुटखा खाणाऱ्यांचं तोंड हळूहळू आवळत जातं, तिखट सोसत नाही, भाकरीचा घास लहान करावा लागतो. हा अजून कॅन्सर नसतो, पण त्याच्या वाटेवरचा मुक्काम असतो.

बायांनी पाळी संपल्यानंतर चार-पाच दिवसांनी, आणि पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख धरून, स्तन आणि काख चाचपावी. गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढलं गेलेलं बोंड, बोंडातून रक्त. पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा अंगावरून गेलं, एकदाच गेलं तरी, दाखवायचं. संबंधानंतर रक्त जाणं, घाण वासाचं पाणी जाणं हेही. हे सांगायला लाज वाटते, म्हणून सासू-सुनेत, मायलेकींत ते आधी बोललं जायला हवं.

बाकीचं भरभर सांगते. घास अडकतोय, आधी भाकरी आणि आता पेजसुद्धा. आवाज तीन आठवडे बसलेलाच. शौचातून रक्त: आपल्याकडं याला डोळे झाकून मूळव्याध म्हणतात आणि वर्षभर गावठी औषध चालतं. न दुखता लघवीतून रक्त. कारण नसताना उतरलेलं वजन. तीन आठवड्यांचा खोकला असेल तर आधी टीबीची थुंकी तपासा, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. पण थुंकीत काही सापडलं नसताना नुसती छाती बघून टीबीचं औषध सुरू झालं असेल आणि दोन महिन्यांनी एक्स-रेमधला डाग हलला नसेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: कॅन्सरची तपासणी करायची का?

लहान लेकरांचं वेगळं. सतत ताप, पांढरंफटक पडणं, अंगावर निळसर डाग, पोटाला लागणारा गोळा, फोटोत एक डोळा पांढरा चमकणं. यात तीन आठवडेही थांबायचं नाही.

पायरी २: कोणत्या दवाखान्यात

सरळ मुंबईची गाडी धरू नका. टाटाला जायचं की नाही हा प्रश्न निदानानंतरचा आहे, आणि तेव्हाही बहुतेकांसाठी जवळ सोय आहे.

तिशीपुढच्या प्रत्येकाची तोंडाची, आणि बायांची स्तन व गर्भाशयमुखाची तपासणी हा सरकारी कार्यक्रमाचाच भाग आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरते, त्यात तंबाखू, दारू, घरातला आजार हे विचारते. तिला खरं सांगा. उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. काही त्रास नसताना करायची तपासणी ती हीच. त्रास असेल तर पाच वर्षांचा विषयच नाही, त्याच आठवड्यात जा.

त्रास असलेल्यानं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठावं, तिथून चिठ्ठी घेऊन वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड, लातूर ही जुनी ठिकाणं. तोंडासाठी कान-नाक-घसा किंवा दंत विभाग, स्तनासाठी सर्जरी, अंगावरून जाण्यासाठी स्त्रीरोग. केसपेपरच्या खिडकीवर एवढं सांगता आलं तरी अर्धा दिवस वाचतो. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, तीच राज्य कर्करोग संस्था. धाराशिव, भूम, परंडा भागातल्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय जवळ पडतं. जिल्हा सोलापूर असला तरी आपल्या माणसांची ती जुनी वाट आहे. १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी तिथूनच सुरू झाली, आणि तिच्यात बार्शीसोबत परंडा आणि भूम हे आपले दोन तालुके होते.

डॉक्टरसमोर बसलं की सगळं विसरायला होतं. म्हणून घरीच कागदावर लिहून न्या: कधीपासून, वाढतंय का, कोणती औषधं झाली, तंबाखू किती वर्षं, घरात कुणाला कॅन्सर झालाय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. गोळीचं विसरू नका, तुकडा काढताना ते लागतं.

पायरी ३: फोटो, रक्त आणि तुकडा

तपासण्यांची यादी बघून माणूस गांगरतो. मी ती अशी लावून घेतली: फोटो सांगतो कुठं आहे, रक्त सुगावा देतं, तुकडा सांगतो काय आहे.

फोटोत एक्स-रे, सोनोग्राफी, स्तनासाठी मॅमोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय आले. दुर्बीण, म्हणजे घशातून किंवा गुदमार्गातून आत बघणं, हाही एका अर्थानं फोटोच, फक्त तिच्यातून तुकडाही घेता येतो. यातला कोणताही रिपोर्ट "संशयास्पद" म्हणेल. शेवटचा शब्द त्याचा नाही. पेट स्कॅन, म्हणजे औषध टोचून सगळ्या अंगाचा काढलेला फोटो, त्यात चमकलं म्हणजे कॅन्सर, असंही नाही; टीबीसुद्धा चमकतो.

रक्ताबद्दल थोडं अधिक सांगते, कारण इथं पैसे वाया जातात. "संपूर्ण कॅन्सर तपासणी" अशा पॅकेजच्या जाहिराती तालुक्याला लागलेल्या असतात. सीए-१२५, सीईए, पीएसए यांसारख्या चाचण्या ज्याला आधीच कॅन्सर निघालाय त्याचं औषध लागू पडतंय का हे बघायला फार उपयोगी आहेत. धडधाकट माणसाला त्यातून "कॅन्सर नाही" असं सर्टिफिकेट मिळत नाही. सीए-१२५ पोटाच्या टीबीतही वाढतो. रक्ताचा कॅन्सर मात्र अपवाद. तिथं साधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि काचेवर पसरून बघितलेलं रक्त पहिला इशारा देतं, मग हाडातला मगज तपासतात.

आता तुकडा. हाताला लागणाऱ्या गाठीत बारीक सुई घालून थोड्या पेशी ओढतात, तिला एफएनएसी म्हणतात, इंजेक्शनएवढंच दुखतं. स्तनाच्या गाठीसाठी थोड्या जाड सुईनं शेवयांसारखे बारीक तुकडे घेतात, ती कोअर बायोप्सी, आणि आता तीच मागावी. तोंडातून, गर्भाशयमुखातून चिमटीएवढा तुकडा घेतात. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येता येतं. तुकडा फॉर्मॅलिनच्या डबीत जातो, मग मेणात बसवतात, केसापेक्षाही पातळ काप काढून रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात. म्हणून रिपोर्टला आठवडा ते दहा दिवस लागतात. हे दिवस फार कठीण जातात. पण उशीर म्हणजे वाईट बातमी, असं काही नसतं.

तुकडा काढल्यानं पसरतं का? याच प्रश्नापायी आमच्या आत्याचे सहा आठवडे गेले, म्हणून सरळ उत्तर देते. तोंड, स्तन, गर्भाशयमुख, मानेची गाठ, आतडं इथं तुकडा काढल्यानं आजार पुढच्या टप्प्यात जात नाही. जगभर उपचार तुकड्यावरूनच ठरतात. काही मोजक्या ठिकाणी, उदाहरणार्थ पुरुषाच्या अंडकोशातल्या गाठीत, डॉक्टर स्वतःच सुई घालत नाहीत, ती गाठ पूर्ण काढूनच तपासतात. तो निर्णय त्यांचा. मग हा समज आला कुठून? माणूस सहा महिने घरी बसतो, आजार पसरतो, मग तुकडा काढतात आणि पुढच्या दोन महिन्यांत तो खचतो. गावाला शेवटचे दोन महिने दिसतात. आधीचे सहा कुणी मोजत नाही.

याच्या उलट चूकही तेवढीच घातक. आमच्या गल्लीतल्या एका बाईची स्तनातली गाठ एका छोट्या दवाखान्यात काढली. "साधी होती" म्हणाले आणि गाठ टाकून दिली. तपासायला पाठवलीच नाही. वर्षानं काखेत गाठी आल्या, तेव्हा आधीचं काय होतं हे सांगायला कुणाकडं काहीच नव्हतं. म्हणून अंगातून काहीही काढलं, गाठ असो, पित्ताशय असो, गर्भपिशवी असो, ते तपासायला जाणार का हे ऑपरेशनच्या आधीच विचारा आणि रिपोर्ट हातात घ्या.

गर्भपिशवीबद्दल, वेगळं आणि सावकाश

ही पायरी नाही, पण मराठवाड्यात हे न सांगता पुढं जाता येत नाही.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी झाली. ८२ हजारांहून जास्त बायांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तरण्याताठ्या होत्या. पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला "पिशवी खराब झाली, काढली नाही तर कॅन्सर होईल" असं सांगितलं गेल्याच्या तक्रारी त्यात होत्या. कोयता घेतलेल्या बाईला खाडा परवडत नाही, पाळीचे दिवस फडात काढणं म्हणजे काय हे तिलाच ठाऊक. तिनं भीतीपोटी होकार दिला.

पांढरं जाणं म्हणजे बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे की नाही हे सोनोग्राफीवरून ठरत नाही. त्यासाठी पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी पुसून घेऊन तपासणं), व्हिनेगरसारखं द्रव लावून बघायची चाचणी किंवा एचपीव्ही (या कॅन्सरमागच्या विषाणूची) चाचणी करतात, शंका आली तर तुकडा घेतात. पिशवीच्या आतल्या भागाची शंका असेल तर आतला थर तपासतात. या कागदांपैकी एकही नसताना कुणी कॅन्सरच्या नावानं पिशवी काढायला सांगत असेल, तर उठून दुसऱ्या डॉक्टरकडं जा. घाई करणाऱ्याला एवढंच विचारा: रिपोर्ट कुठाय?

आणि याच मातीतली दुसरी गोष्टही सांगायला हवी. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ५२ गावसमूहांमध्ये ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त निरोगी बायांवर एक मोठा अभ्यास झाला. एका गटाची एकदा एचपीव्ही चाचणी, एका गटाची पॅप, एका गटाची व्हिनेगर-पद्धत, आणि एका गटात नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये निकाल आला: आयुष्यात एकदा एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले होते. आज जगभर एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती मिळते, त्यामागं उस्मानाबादकडच्या बायांचा हा वाटा आहे. त्याच जिल्ह्यातल्या आपल्या मायबहिणींनी आता ती चाचणी मागावी असं मला मनापासून वाटतं.

पायरी ४: रिपोर्ट वाचायचा कसा

रिपोर्ट इंग्रजीत असतो, पण तीन-चार शब्द ओळखता आले तरी पुष्कळ. बिनाइन म्हणजे साधी. मॅलिग्नंट किंवा कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर. डिस्प्लेजिया म्हणजे पेशी बिघडू लागल्या आहेत, अजून कॅन्सर नाही. इथं सापडलं तर ती नशिबाची गोष्ट समजा आणि पाठपुरावा सोडू नका. "इनकन्क्लुझिव्ह" लिहिलं असेल तर त्याचा अर्थ "काही नाही" असा होत नाही. तुकडा पुरला नाही, पुन्हा घ्यावा लागेल, एवढाच.

ग्रेड आणि स्टेज यांत सगळे गोंधळतात. ग्रेड म्हणजे पेशी किती बेफाम आहेत, हे तुकड्यावरून कळतं. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय: मूळ गाठ केवढी, जवळच्या लसिकागाठींत (काखेत, मानेत असतात तशा बारीक गाठींत) गेलाय का, लांबच्या अवयवात गेलाय का. स्टेजसाठी तुकड्यानंतर सीटी किंवा पेट लागतो. ग्रेड तीन बघून "तिसरी स्टेज" समजून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे.

स्तनाचा कॅन्सर निघाला तर त्याच तुकड्यावर ईआर, पीआर आणि हर-टू या तीन चाचण्या व्हायलाच हव्यात. औषध त्यावर ठरतं. त्या झाल्या नसतील तर केमो सुरू व्हायच्या आधी विचारा.

रुग्णाला सांगायचं की नाही यावर प्रत्येक घरात कुजबुज चालते. आम्ही आत्याला सांगितलं नव्हतं. तिला पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं, आणि ती आमची समजूत काढत होती. सांगा. हळू आवाजात, हात हातात घेऊन, पण सांगा.

"मलाच का झाला?"

हा प्रश्न प्रत्येक रुग्ण विचारतो. शरीरातल्या पेशी रोज जुन्याच्या नव्या होत असतात. प्रत्येक वेळी आतला आराखडा उतरवून घ्यावा लागतो आणि उतरवताना चुका होतात. बहुतेक चुका शरीर दुरुस्त करतं. काही राहून जातात, वर्षानुवर्षं साठतात आणि एक दिवस एखादी पेशी थांबायचं विसरते. म्हणून वय वाढेल तसा धोका वाढतो, आणि म्हणूनच कधीकधी काही व्यसन नसलेल्या माणसालाही तो गाठतो. त्यात कुणाचं पाप नसतं, करणी नसते. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं तो होत नाही.

पण चुका वाढवणाऱ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडं त्यात पहिला नंबर तंबाखूचा. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या २६.६ टक्के लोकांना तंबाखूची सवय निघाली. ओढणारे ३.८ टक्के, खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला तंबाखू धुरात कमी आणि तोंडातच जास्त. तळहातावर मळताना चुना कशाला घालतात? चुन्यानं निकोटीन लवकर रक्तात उतरतं, तलफ लवकर भागते. पण तोच चुना गालाची कातडी भाजतो आणि तंबाखूतली विषारी द्रव्यं त्या भाजल्या जागी तासन् तास बसून राहतात. विडा धरायची जी जागा, बहुधा जखमेची तीच जागा.

मिसरीबद्दल बाया म्हणतात, "आम्ही तंबाखू खात नाही, दात घासतो." मिसरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कॅन्सर करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच नक्की केलंय. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. सुपारी आणि तंबाखूच्या दोन वेगळ्या पुड्या घेऊन माणसं त्या हातावर एकत्र करतात. सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे, फोनवर समजावून सांगतात. तंबाखूवर दारू म्हणजे तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका नुसता बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढतो.

गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही विषाणूमुळं होतो. तो संबंधातून येतो, बहुतेकींच्या अंगातून आपोआप जातो, काहींच्यात वर्षानुवर्षं राहतो. यावरून बाईच्या चारित्र्याकडं बोट दाखवू नका, विषाणू नवऱ्याकडूनही आलेला असू शकतो. मुलींना ९ ते १४ वयात लस द्यावी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून मिळते. यकृताच्या कॅन्सरमागं बऱ्याचदा हिपॅटायटिस बी हा विषाणू असतो. त्याची लस बाळाला जन्मल्याबरोबर देतात, ती चुकवू नका. बुरशी धरलेल्या शेंगदाण्यात आणि मक्यातही यकृताला मारणारं विष असतं. कडू लागलेले, काळे-हिरवे पडलेले दाणे कुटात घालून खपवू नका.

स्तनाच्या कॅन्सरला एकच कारण दाखवता येत नाही. वय, वाढलेलं वजन, पहिलं मूल उशिरा होणं किंवा न होणं, अंगावर कमी पाजणं, आई-बहिणीला झालेला असणं, हे सगळे थोडा थोडा धोका वाढवतात. घराण्यातून उतरणारे कॅन्सर एकूण ५ ते १० टक्केच असतात. पण आईला पन्नाशीच्या आत झाला असेल तर लेकींनी डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं. कमरेला परकराची नाडी एकाच जागी वर्षानुवर्षं घट्ट काचून व्रण पडला असेल आणि तो भरत नसेल, तर तोही दाखवा. जुन्या न भरणाऱ्या जखमेत कॅन्सर होऊ शकतो.

आणि फवारणी? पारावर बसलं की ऐकू येतं, "सगळं औषधांनी झालंय, आता तंबाखू सोडून काय होणार." काही कीटकनाशकं कॅन्सरशी जोडली गेली आहेत हे खरं. कापसावर, सोयाबीनवर पंप मारणाऱ्यानं तोंड-हात झाकावेत, वाऱ्याच्या उलट जाऊ नये, फवारून आल्यावर आंघोळ करून कपडे वेगळे धुवावेत. पण हे बोलत असतानाच त्या माणसाच्या गालात विडा असतो. वांग्यावरच्या औषधाला घाबरायचं आणि गालातल्या पुडीला नाही, हा हिशेब मला मान्य नाही. २०१२ ते २०१६ च्या नोंदींत उस्मानाबाद-बीड भागात कॅन्सरचं प्रमाण देशातल्या सगळ्या नोंदणी केंद्रांमध्ये सर्वांत कमी होतं: वयाचा हिशेब लावून लाखामागं पुरुषांत ३९.५, बायांत ४९.४. काही रोगी निदानाविनाच गेले असतील हे गृहीत धरलं तरी "आपल्याकडं घरटी कॅन्सर" ही भीती खरी नाही. आणि आपल्याकडं जो होतो त्यातला बराचसा, तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा, वेळेआधी दिसतो. डोळ्यांनी दिसतो.

पायरी ५: पैसा आणि कागद

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधी डॉक्टरला नाही, त्याला भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत हवं, आणि दोन्हींवरचं नाव जुळायला हवं. बाईचं माहेरचं नाव एकीकडं आणि सासरचं दुसरीकडं, यात दोन-दोन आठवडे जातात, म्हणून ते काम रिपोर्टची वाट बघतानाच उरका. योजनेची चौकशी १५५३८८ वर करता येते. कॅन्सरच्या मंजुरीला तुकड्याचा रिपोर्ट लागतो. म्हणजे त्याआधीच्या तपासण्यांचा खर्च बहुधा आपल्या खिशातून. तोच कमी करायला सुरुवात सरकारी रुग्णालयातून करा. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला तिकिटात मोठी सवलत आहे, डॉक्टरांकडून तिचा ठरलेला फॉर्म भरून घ्यावा.

एक जाड फाइल करा. तारखेप्रमाणे कागद लावा, प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घरातल्या एकाच माणसानं ती फाइल सांभाळावी आणि डॉक्टरशी बोलायलाही शक्यतो त्यानंच जावं.

दुसरं मत घ्यायला बार्शी, संभाजीनगर किंवा परळच्या टाटाला जायचं असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. ते तुकड्याची काच, म्हणजे स्लाइड, स्वतः वाचतात. ज्या लॅबमध्ये तुकडा तपासला तिथून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ते तुमचे आहेत, रुग्णाच्या किंवा नातेवाइकाच्या सहीवर देतात. ब्लॉक हातात आला की तो पिवळट मेणाचा छोटा चौकोन दिसतो, आणि त्याच्या आत तुमच्या माणसाचा तुकडा असतो. तो हरवला तर तुकडा पुन्हा काढावा लागेल. स्लाइड काचेच्या, म्हणून त्या लॅबनं दिलेल्या डबीतच ठेवा. ब्लॉक मेणाचा, म्हणून मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. पिशवीत, कपड्यांच्या मधोमध, आणि पिशवी मांडीवर.